फॉन्ट की स्टूप? नक्षी सोडा, आधी तळ पाहा

इंग्लंडच्या हेरेफर्डशायरमधलं किलपेकचं चर्च साधारण 1140 सालचं. तिथे बाराव्या शतकातली दोन दगडी भांडी पाहायला मिळतात. एक भलंमोठं, गोल, खांबांवर उभं, पण जवळजवळ नक्षीविना. दुसरं लहानसं, फुगीर पोटाचं, आणि त्या पोटाला दोन कोरीव हातांनी कवटाळलेलं. नवखा माणूस नक्षीला भुलतो आणि दुसऱ्यालाच बाप्तिस्म्याचं कुंड समजतो. खरं कुंड, म्हणजे फॉन्ट, ते पहिलं साधं भांडं. हातांचं भांडं म्हणजे स्टूप, पवित्र पाण्याचं.

गोंधळ होणं साहजिक आहे. दोन्ही दगडी, दोन्ही पाण्याची, आणि दोन्ही दाराजवळ. बाप्तिस्मा म्हणजे चर्चमध्ये प्रवेश, म्हणून फॉन्ट बहुधा पश्चिमेकडे, मुख्य दाराच्या आसपास. स्टूपही दारातच, कारण आत येणाऱ्याने त्यात बोटं बुडवून स्वतःवर क्रुसाची खूण करायची. त्यात भाषेचीही भर. 1644 मध्ये इंग्लंडच्या संसदेने चर्चमधल्या ‘अंधश्रद्धेच्या’ वस्तू काढून टाकण्याचा हुकूम काढला, त्यात स्टूपलाही ‘पवित्र पाण्याचे फॉन्ट’ असंच म्हटलं आहे.

खरा फरक मापात आहे, कारण एकात अख्खं तान्हं मूल बुडवायचं असे आणि दुसऱ्यात फक्त बोटं. रोमनेस्क, म्हणजे साधारण अकराव्या-बाराव्या शतकातल्या शैलीच्या, फॉन्टची आतली पोकळी सहसा दीड-दोन फूट रुंद आणि फूटभर खोल. काठ मोठ्या माणसाच्या कमरेच्या आसपास. स्टूपच्या पोकळीत जेमतेम वाटीभर ते तांब्याभर पाणी मावतं. तो बहुतेक वेळा भिंतीतल्या कोनाड्यात असतो, आत शिरताना उजव्या हाताला. किलपेकसारखा सुटा स्टूप त्यामानाने कमी दिसतो.

आता आत वाका. फॉन्टच्या तळाशी मधोमध भोक असतं. बाप्तिस्म्याच्या पाण्यात अभिषेकाचं तेल मिसळलेलं असे. ते कुठेही ओतून चालत नसे, म्हणून भोकातून थेट खालच्या जमिनीत मुरू द्यायचं. सच्छिद्र दगडातून पाणी झिरपू नये म्हणून आत शिशाचं अस्तर. स्टूपला बहुधा ना भोक असतं ना अस्तर. (भोक असलेलं लहान भांडं वेदीच्या दक्षिणेकडच्या भिंतीत दिसलं, तर ते या दोहोंपैकी काहीच नव्हे. ते पिसिना, म्हणजे पूजेची पात्रं धुतलेलं पाणी सोडण्याची जागा.) पण एकट्या भोकावर निकाल देऊ नका. चर्चमधून हकालपट्टी झालेली कितीतरी भांडी पुढे जनावरांना पाणी पाजायला किंवा बागेत फुलझाडं लावायला वापरली गेली आणि तेव्हा त्यांना नवी भोकं पडली. भोक एका बाजूला असेल, त्याच्या कडा ताज्या आणि धारदार असतील, तर शंका घ्यावी.

भोकाइतकाच बोलका असतो काठ. बाप्तिस्म्याचं पाणी जादूटोण्यासाठी चोरीला जाईल ही भीती इतकी होती, की 1236 च्या सुमारास कँटरबरीचे आर्चबिशप एडमंड यांनी फॉन्टला झाकण आणि कुलूप सक्तीचं केलं. काठात समोरासमोर लोखंडी कड्या शिशाने बसवल्या गेल्या. पुढे त्या उपटल्या की दगडाचा टवका निघे आणि ती जागा बुजवावी लागे. म्हणून जुन्या फॉन्टच्या काठावर समोरासमोर दोन ठिगळं दिसतात. आम्हाला विचाराल तर नक्षीपेक्षा या ठिगळांवर विसंबावं. स्टूपला कुलूप कोण लावणार, तो तर येणाऱ्या-जाणाऱ्यासाठीच.

नक्षीचा उपयोग नाही असं नव्हे, ती काळ सांगते. त्याच हेरेफर्डशायरमधल्या कॅसल फ्रोमच्या फॉन्टवर ख्रिस्ताचा बाप्तिस्मा कोरला आहे आणि पायाशी दबलेल्या मानवी आकृत्यांनी भांडं पेललं आहे. इअर्डिस्लीच्या फॉन्टवर झुंजणारे योद्धे, सिंह आणि दोरखंडासारखी गुंफण. विंचेस्टर कॅथीड्रलचा चौकोनी काळा फॉन्ट तर आजच्या बेल्जियममधल्या तुर्नेहून आणलेल्या दगडाचा, त्यावर संत निकोलसच्या कथा. मात्र नक्षी फारच धारदार असेल तर सावध राहा: एकोणिसाव्या शतकात अनेक फॉन्ट खरवडून पुन्हा कोरले गेले. बैठक तर पुष्कळदा नवीच असते.

बिघाडही दोघांचे वेगळे. फॉन्ट बिघडतो तळाकडून. जमिनीतली ओल वर चढते, सोबत क्षार येतात आणि खालच्या पट्ट्यातली नक्षी पापुद्र्यांनी सुटते. वर कोणी सिमेंटने डागडुजी केली तर ओल आतच कोंडते आणि शेजारचा मूळ दगड आणखी झडतो. तिथे चुन्याचाच गिलावा हवा. शिशाचं अस्तर फाटलं तर पोकळीभोवती ओला पट्टा उमटतो. स्टूप बिघडतो वरून, पोकळीतून. त्यातल्या पाण्यात आशीर्वादाच्या वेळी मीठ घालण्याची रीत, त्यामुळे पाणी आटलं की मिठाचे स्फटिक दगड आतून फोडतात. म्हणून वापरात असलेल्या जुन्या स्टूपमध्ये काचेची वाटी ठेवून तीत पाणी भरणं बरं.

एक तिसरा तोतयाही आहे: खल. मध्ययुगीन घरातले दगडी खल चर्चमध्ये येऊन स्टूप म्हणून मिरवतात. काठावर धरायला चार कान असतील आणि तळ कुटून-कुटून गुळगुळीत वाटीसारखा झाला असेल, तर त्यात पाणी नव्हे, मसाला होता.