संगणकाच्या आधीची द्विमान पद्धत

शून्य आणि एक या दोनच अंकांवर चालणारी द्विमान संख्यापद्धत, म्हणजे बायनरी, संगणकासाठीच जन्माला आली असा नवशिक्या विद्यार्थ्याचा समज असतो आणि त्यामुळे ती त्याला परकी वाटते. वास्तविक तिच्यामागचे दुपटीचे तत्त्व आपल्या बाजारात पूर्वापार होते. दशमान वजने येण्यापूर्वी वाण्याच्या तराजूजवळ छटाक, अदपाव, पावशेर आणि अच्छेर अशी वजने असत. त्यातले प्रत्येक आधीच्याच्या दुप्पट, म्हणजे १, २, ४ आणि ८ छटाक. ११ छटाक डाळ तोलायची तर अच्छेर, अदपाव आणि छटाक पारड्यात जात, पावशेर बाहेर राही. मोठ्या वजनाकडून लहानाकडे येत, ठेवलेल्यासाठी १ आणि वगळलेल्यासाठी ० लिहिला की १०११ मिळते, आणि ११ ही संख्या द्विमान पद्धतीत अशीच लिहितात.

दोन चिन्हांचा शास्त्रशुद्ध विचार मात्र भारतात छंदांच्या अभ्यासातून पुढे आला. ख्रिस्तपूर्व काळातला मानल्या जाणाऱ्या पिंगलाच्या छंदःशास्त्रात लघु आणि गुरू अक्षरांच्या सर्व संभाव्य रचना क्रमाने मांडण्याची रीत, म्हणजे प्रस्तार, दिली आहे. तीन अक्षरांच्या रचना २×२×२, म्हणजे आठच होतात. शाळेत ‘यमाचा’, ‘राधिका’, ‘जनास’ असे घोकून पाठ केलेले गण ते हेच. प्रस्तारातील अमुक क्रमांकाची रचना कोणती, हे सगळा तक्ता न मांडता काढण्याच्या रीतीला ‘नष्ट’ म्हणतात. क्रमांक सम असेल तर लघु लिहून तो निम्मा करायचा. विषम असेल तर गुरू लिहून, एक मिळवून मग निम्मा करायचा. सहावी रचना काढून पाहा: ६ सम, म्हणून लघु, उरले ३, ३ विषम, म्हणून गुरू, एक मिळवून निम्मे केले की २, २ सम, म्हणून पुन्हा लघु. लघु-गुरू-लघु, अर्थात ‘जनास’, ज गण. दशमान संख्येला दोनाने भागत जाऊन तिचे द्विमान रूप काढण्याची आजची रीत याच जातीची आहे. तरीही पिंगलाने द्विमान अंकगणित शोधले असे म्हणणे मला अतिशयोक्तीचे वाटते, कारण त्याला रचना मोजायच्या होत्या, बेरीज-गुणाकार करायचे नव्हते. आणि त्याचे मोठेपण त्या दाव्यावर अवलंबूनही नाही.

ते अंकगणित जर्मन गणिती लाइब्निझ याने १६७९ च्या हस्तलिखितात मांडले आणि १७०३ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीकडे त्यावर लेख दिला. चीनमधील जेझुइट धर्मप्रचारक बुव्हे याने पाठवलेल्या, अखंड आणि तुटक रेषांच्या ६४ चिनी आकृत्यांमध्ये त्याला हीच पद्धत दिसली. रोजच्या व्यवहारात दशमान सोडून ती घ्यावी असे मात्र त्याचे म्हणणे नव्हते. संख्यांचे गुणधर्म तिच्यात स्पष्ट दिसतात, हे त्याला महत्त्वाचे वाटत होते.

पुढे इंग्रज गणिती जॉर्ज बूल याने १८५४ च्या ग्रंथात तर्काला बीजगणिताचे रूप दिले, आणि १९३७ मध्ये अमेरिकेत क्लॉड शॅनन या विद्यार्थ्याने ते विजेच्या खटक्यांना लागू केले. एकापुढे एक जोडलेले दोन्ही खटके चालू असतील तरच प्रवाह वाहतो, हे ‘आणि’. शेजारी-शेजारी जोडले तर एकही पुरतो, हे ‘किंवा’. अशा खटक्यांनी द्विमान बेरीज कशी करता येते, हेही त्याने दाखवले.

तरीही १९४६ मध्ये जगापुढे आलेले एनिॲक हे संगणकयंत्र दशमान पद्धतीनेच चालत होते. त्यात एकच दशमान अंक साठवायला दहा फ्लिप-फ्लॉपची, म्हणजे चालू किंवा बंद अशा दोनच अवस्थांत राहणाऱ्या विद्युत घटकांची, साखळी लागे, आणि त्या दहांपैकी एका वेळी एकच चालू असे. तेच दहा फ्लिप-फ्लॉप द्विमान पद्धतीने वापरले तर ० ते १०२३ पर्यंतची कोणतीही संख्या त्यांत मावते. त्याच वर्षी प्रिन्स्टन येथे बर्क्स, गोल्डस्टाइन आणि फॉन नॉयमन यांनी नव्या संगणकाचा जो आराखडा लिहिला, त्यात द्विमान पद्धतीची निवड केली आणि त्या विद्युत घटकांचा स्वभावच दोन अवस्थांचा आहे, हे तिचे कारण दिले.