न्यूज म्हणजे चार दिशा नव्हेत

परवा सदाशिव पेठेतल्या एका वार्ताफलकावर खडूने लिहिलेलं वाचलं: 'नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ यांची आद्याक्षरं म्हणजे न्यूज.' शाळेत मलाही हेच सांगितलं होतं. ते साफ चूक आहे.

न्यूज हे 'न्यू'चं अनेकवचन, म्हणजे नव्या गोष्टी. फ्रेंचमधल्या तशाच शब्दाच्या धर्तीवर १४व्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत रुळला. जुन्या लिखाणात त्याचं स्पेलिंग एन-ई-डब्ल्यू-ई-एस असंही सापडतं. मग ही पाचवी दिशा कुठली? आद्याक्षरं जोडून शब्द घडवायची चाल तर २०व्या शतकात फोफावली.

खरी गोष्ट कितीतरी जवळची आहे! आपला 'नव' आणि इंग्रजांचा 'न्यू' एकाच मूळ भाषेतून आलेले, सख्खे चुलत भाऊ. पारावर कुणी भेटलं की आपणही विचारतोच, "काय मग, नवीन काय?"