लीगवाले आणि सुट्टीवाले: बोलिंगच्या धंद्यातली दोन वेगळी गिऱ्हाईकं

गेल्या मे महिन्यात आमच्या मामेभावाच्या डोक्यात बोलिंगचं, म्हणजे जड बॉल घरंगळत सोडून पिना पाडायच्या खेळाचं, खूळ शिरलं. तारकर्लीच्या रस्त्याला त्याची एक लांबडी शेड आहे, आधी तिथे बोटींची इंजिनं रिपेअर व्हायची, आता नुसती जाळी नि ड्रम पडलेत. हा मुंबईला मॉलमध्ये जाऊन बघून आला की शनिवारी लोक तासतासभर नंबर लावून थांबतात, मग काय, चार लेन (बॉल सोडायच्या लांब पट्ट्या) टाकूया. मी होमस्टेवाल्यांचे हिशेब लिहितो म्हणून कागद माझ्याकडे आला. त्यावर एकच ओळ होती, रोजचे इतके तास गुणिले तासाचे इतके रुपये. मी विचारलं, अरे ह्यात लीगवाले किती नि असेच येणारे किती धरलेस? तर म्हणाला, "गिऱ्हाईक तां गिऱ्हाईक, तेच्यात लीग कसली नि बिग कसली!"

आता बघायला गेलं तर त्याचं चूक नाही, कारण दोघंही त्याच लेनवर उभे राहतात, तोच बॉल तेवढ्याच ६० फुटांवरून त्याच दहा पिनांवर टाकतात. पण हिशेबाच्या वहीत दोघं एका रकान्यात मावत नाहीत. आपल्याकडे खानावळ चालवणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. महिन्याचा डबा लावलेला बँकेतला माणूस आणि मे महिन्यात गाडी भरून आलेली कोल्हापूरची फॅमिली, दोघंही थाळीच खातात. फॅमिली सुरमई मागते, सोलकढी दोनदा मागते आणि बिल बघून कुरकुर न करता देते. डबेवाला रोज आमटी पातळ म्हणून बोलतो, पैसे कमी देतो, पण जुलैच्या धो धो पावसात मंगळवारी दुपारी खानावळीत बसलेला असतो तो तोच. बोलिंगमधला लीगवाला म्हणजे हा डबेवाला.

एक घोळ आधीच निस्तरतो, कारण "लीग" म्हटलं की आपल्याकडे वेगळंच चित्र येतं. हल्ली प्रत्येक वाडीत प्रीमियर लीग असते, खेळाडूंचा लिलाव, टीमचे मालक, टीशर्ट, दोन दिवस मैदानावर लाऊडस्पीकर आणि तिसऱ्या दिवशी सगळं सामसूम. त्याला खरं तर टुर्नामेंट म्हणायला हवं. बोलिंगची लीग म्हणजे ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळेला, त्याच टीमनी आठवड्यामागून आठवडे यायचं. अमेरिकेत हा सीझन सप्टेंबरला चालू होतो तो एप्रिल-मेपर्यंत, तीस-पस्तीस आठवडे, टीममध्ये चार-पाच जण, दर आठवड्याला प्रत्येकी तीन गेम.

आणि लीगवाला म्हणजे पट्टीचा खेळाडू, आणि कॅज्युअल, म्हणजे असाच अधूनमधून येणारा, तो नवशिका, असंही नाही. लीगमध्ये पोस्टमन, शिक्षक, रिटायर झालेल्या बायका सगळे असतात, कारण हँडिकॅप असतो, म्हणजे कच्च्या खेळाडूला आधीच काही पॉइंट जादा. समजा लीगने ठरवलं की २२० च्या खाली जेवढा तुमचा अ‍ॅव्हरेज (दर गेमचे सरासरी पॉइंट), त्या फरकाचे ९० टक्के तुम्हाला फुकट. तुमचा अ‍ॅव्हरेज १४० असेल तर फरक ८०, म्हणजे दर गेमला ७२ पॉइंट तुमच्या खात्यात आधीच. समोरचा २०० वाला असला तर त्याला मिळतात फक्त १८. त्यामुळे साधा माणूस साध्या खेळावर पस्तीस आठवडे टिकतो, नाहीतर चौथ्या आठवड्याला हरून हरून घरी बसला असता. खेळाच्या दृष्टीने हे न्यायाचं आहे की नाही यावर भांडणारे भांडतात, मला ते धंद्याचं हत्यार वाटतं.

पैशाकडे येऊ, कारण खरा गोंधळ तिथे आहे. लीगवाला दर आठवड्याला जे पैसे देतो त्यातला सगळा भाग मालकाचा नसतो. एक हिस्सा लेनच्या भाड्याचा, तो मालकाला. दुसरा हिस्सा बक्षिसांच्या फंडात जातो, तो सेक्रेटरी-खजिनदार सांभाळतात आणि सीझन संपला की खेळणाऱ्यांनाच परत वाटला जातो. म्हणजे सरळ भिशीच. मामेभावाने कुठूनतरी लीगची आठवड्याची फी काढून आणली होती आणि ती पूर्ण स्वतःच्या जमेत धरली होती, त्यावर मी लाल पेन फिरवला तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण भिशीचा दुसरा नियमही इथे लागू असतो, तो मालकाच्या बाजूचा. तुम्ही आजारी पडा नाहीतर मेव्हण्याच्या लग्नाला जा, बहुतेक लीगमध्ये त्या आठवड्याची फी भरावीच लागते, तुमच्या जागी तुमच्या अ‍ॅव्हरेजमधून थोडे पॉइंट कापून एक कागदी स्कोअर धरतात. कॅज्युअल गिऱ्हाईकाला हे लावून बघा. पाऊस पडला तर येत नाही, मॅच असली तर येत नाही, बायको म्हणाली किल्ला बघूया तर येत नाही, आणि न आल्याचे पैसे कोण देतो?

आता आकडे. हे खरे रेट नव्हेत, मी कागदावर गणित कळावं म्हणून धरलेत. समजा कॅज्युअलवाला एका लेनचे तासाला १२०० रुपये देतो. लीगची पाच जणांची टीम, तीन-तीन गेम म्हणजे पंधरा गेम, गेमला ६० रुपये मालकाच्या हिश्श्याचे, झाले ९००. त्याला लागतात अडीच तास, म्हणजे तासाला पडले ३६०. तिप्पटीहून जास्त फरक! इथे कुणीही म्हणेल की लीग हाकलून द्या. पण थांबा, तो मंगळवारचा संध्याकाळी सातचा तास आहे. त्या वेळी १२०० वाला येतच नाही, त्या तासाची खरी किंमत शून्य आहे, आणि लेनचा तास म्हणजे सकाळची ताजी मासळी, गेला की गेला, तो शनिवारी विकता येत नाही. म्हणून मंगळवारी ३६० विरुद्ध शून्य अशी तुलना आहे. तीच लीग शनिवारी संध्याकाळी बसवलीत तर मात्र अडीच तासांचे ३००० सोडून ९०० घेताय, लेनमागे २१०० चा खड्डा, चार लेनचे ८४००, दर शनिवारी. लीग तीच, माणसं तीच, रेटही तोच, नुसता वार बदलला.

मग पोटपूजेचा भाग. रॉबर्ट पुटनम म्हणून अमेरिकेतले एक राज्यशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी १९९५ मध्ये "बोलिंग अलोन" (एकट्याने बोलिंग) नावाच्या लेखात मांडलं की १९८० ते १९९३ मध्ये तिथे बोलिंग करणारे लोक १० टक्के वाढले पण लीगमध्ये खेळणं ४० टक्के घसरलं. त्यांना त्यातून समाज कसा सुटा सुटा होतोय हे सांगायचं होतं, पण जाता जाता त्यांनी सेंटरवाल्यांचं दुखणंही लिहिलं की लीगवाले बाकीच्यांच्या तिप्पट बिअर आणि पिझ्झा खपवतात, आणि धंद्यातला पैसा बॉल-शूजमध्ये नसून तिथेच आहे. साहजिक आहे, अडीच तास आठ-दहा ओळखीची माणसं बसलीत, आपली पाळी यायला वेळ आहे, हात कुठे जाणार? भज्यांच्या प्लेटकडेच. (तिथले "एकटे" खेळणारे खरं एकटे नव्हते म्हणा, बरेचसे घरच्यांबरोबर किंवा मित्रांबरोबर आलेले, फक्त लीगमध्ये नाव नव्हतं. हे पण दोन गोष्टी एक समजण्याचंच उदाहरण.)

पण लीग गळत गेली तशी सेंटरं हातावर हात धरून बसली नाहीत. नव्वदच्या दशकात लाईट घालवून, निळे-जांभळे दिवे नि मोठं म्युझिक लावून रात्रीचं बोलिंग चालू केलं, वाढदिवसाचे पॅकेज, ऑफिसच्या पार्ट्या, आणि गेमवर पैसे घ्यायच्याऐवजी तासावर. ही तासाची गोष्ट बारीक आहे पण महत्त्वाची. लीगवाला भराभर टाकतो, त्याला गेमचा रेट परवडतो आणि मालकालाही परवडतो. सुट्टीवाली पाच जणांची गँग एकेक गेमला तास लावते, सेल्फी, "आता कुणाची पाळी", पोरगं बॉल उचलून पळतंय. त्यांना गेमवर बिल लावलंत तर लेन अडून राहते आणि गल्ल्यात काही पडत नाही. तासावर लावलंत की त्यांनी कितीही टाइमपास करू दे, मीटर चालू.

शूजचंही तसंच. लीगवाल्याचे स्वतःचे शूज, स्वतःचा बॉल, म्हणजे भाड्याची कमाई नाही. सुट्टीवाला शूज भाड्याने घेतो, ती बरी कमाई आहे. पण आमच्याकडे तो येणार कुठून? तारकर्लीच्या वाळूतून, ओल्या चपलांनी, अर्धी चड्डी झटकत. बॉल सोडताना शेवटचं पाऊल घसरवायचं असतं, तिथे वाळूचा एक कण आला की माणूस तोंडावर आपटतो आणि लेनला ओरखडे पडतात ते वेगळेच. मी कागदावर "दारात पाय धुवायचा नळ, टॉवेल, विकायला मोजे" असं लिहिलं तर मामेभाऊ हसला. हसू दे.

लेनवर पहिल्या चाळीसेक फुटांना तेलाचा हात दिलेला असतो हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. सुट्टीवाल्याचा बॉल सरळ जातो (किंवा सरळ लेनच्या कडेच्या गटारात जातो), त्याला तेलाशी देणंघेणं नाही. लीगवाला बॉल वळवून टाकतो, त्याला तेल ताजं लागतं, पट्टा कुठे सुकलाय ते त्याला दुसऱ्या फ्रेमला (गेममधल्या दुसऱ्या पाळीलाच) कळतं आणि तो काउंटरवर येऊन सांगतो. आमटी पातळ आहे, तसंच.

मशीनचा निर्णयही ह्याच प्रश्नावर येऊन अडतो. पूर्वी पिना उभ्या करायला पोरं ठेवलेली असायची, १९५० च्या दशकात एएमएफ आणि ब्रन्सविक या कंपन्यांची ऑटोमॅटिक मशीनं आली आणि लीगचा खरा सुकाळ त्यानंतरचा. ती मशीनं म्हणजे हजारो पार्टचं प्रकरण, कायमचा मेकॅनिक लागतो. आता दोऱ्याच्या पिना मिळतात, प्रत्येक पिनेच्या डोक्याला दोरी, पडल्या की वर ओढून घ्यायच्या, पार्ट कमी, वीज कमी. सुट्टीवाल्याला फरक कळतही नाही. जुने लीगवाले मात्र नाक मुरडतात, पिना वेगळ्या पडतात म्हणतात, आणि त्यात तथ्य असणारच, कारण यूएसबीसी या अमेरिकेतल्या बोलिंगच्या मुख्य संघटनेने २०२३ मध्ये दोरीवाल्या बोलिंगला मान्यता दिली ती वेगळा प्रकार म्हणूनच. मालवणात खाऱ्या हवेत, मेकॅनिक मुंबईहून रात्रीच्या गाडीने येणार असं असताना मी तरी डोळे मिटून दोरीवालं मशीन घेईन. आपल्याकडच्या लीगला नाक मुरडण्याइतकी जुनी सवय कुठे आहे?

आता आपल्या किनाऱ्याची गोम. अमेरिकेत लीग हिवाळ्यात, कारण बाहेर थंडी, माणूस आत बसतो, आणि उन्हाळ्यात सेंटरं ओस. आपल्याकडे हिवाळा म्हणजे पर्यटक, दिवाळी, नाताळ, मग मे महिना, तेव्हा १२०० वाला दारात उभा असतो. आपला मंगळवार म्हणजे अख्खा पावसाळा. किल्ल्याच्या होड्या बंद, स्कूबा बंद, क्रिकेटच्या मैदानात गुडघाभर चिखल. म्हणून लीग लावायची तर मिरगापासून गणपतीपर्यंत, साधारण बारा आठवडे. ९०० गुणिले चार लेन गुणिले बारा म्हणजे एका वाराचे ४३,२००, आठवड्यातून तीन वार भरले तर १,२९,६००. ह्यात कोण श्रीमंत होत नाही, पण लाईटबिल आणि काउंटरवरच्या पोराचा पगार तरी खिशातून जाणार नाही.

फक्त माणसं कुठली धरायची ते बघून. मामेभाऊ म्हणाला मच्छीमारांची टीम करूया, मासेमारीबंदीत रिकामेच असतात. बरोबर, पण बंदी १ जून ते ३१ जुलै, ऑगस्ट लागला की ते दर्यावर आणि लीगचा शेवटचा महिना टीमच नाही. भातवाले लावणीच्या दिवसांत कंबर धरून झोपतात. राहिले दुकानदार, मास्तर, बँकवाले, डेपोतले, आणि आम्ही हिशेबवाले.

त्याने कागद नव्याने केलाय, आता दोन रकाने आहेत. पहिल्यात सुट्टीवाले, त्यात नुसते आकडे. दुसऱ्यात लीग, तिथे आकडे नाहीत, नावं आहेत, कारण नावं मिळाल्याशिवाय आकडा लिहायचा नाही असं मी बजावलंय. चार टीमना वीस माणसं लागतात. परवापर्यंत नऊ झाली होती, आणि नववं नाव त्याने मला न विचारता माझंच लिहिलंय.