अंग कसलेलं ठेवणं (चाळिशीनंतरचा व्यायाम)

अंग कसलेलं ठेवणं म्हणजे साधारण चाळिशी ते साठीच्या काळात व्यायाम करून स्नायू आणि मुख्य म्हणजे त्यांची ताकद टिकवून धरणं, म्हणजे दंड, मांड्या, पोट, पाठ सैल पडत नाहीत आणि उठणं बसणं, जिना चढणं, ओझं उचलणं ही कामं पुढेही विनासायास होतात. बोलताना कुणी याला बॉडी टोन करणं म्हणतं, कुणी फिट राहणं, कुणी अंग घट्ट ठेवणं. तालमीतल्या जुन्या माणसांचा शब्द आहे कमावलेलं शरीर आणि तोच सगळ्यात नेमका आहे, कारण चाळिशीनंतर हे आपोआप मिळत नाही, आठवड्याच्या आठवड्याला कमवावंच लागतं.

आधी टोन या शब्दाचा घोळ मिटवू. शरीरशास्त्रात टोन म्हणजे स्नायू आरामात असतानाही त्यात जो थोडासा ताण राहतो तो. आरशात बघून आपण ज्याला टोन्ड म्हणतो ते वेगळं, ते म्हणजे खाली भरलेला स्नायू आणि त्याच्यावर चरबीचा बेताचा थर, बास. त्यामुळे टोनिंगचा म्हणून वेगळा असा काही व्यायाम नसतो. गुलाबी रंगाचं एक किलोचं डंबेल गप्पा मारत पन्नास वेळा वर खाली केलं तर स्नायूला कळतच नाही की आपल्याकडून कुणी काही मागतंय. वजन हलकं असलं तरी चालतं पण मग शेवटचे दोन-तीन रेप्स (एकदा वर-खाली म्हणजे एक रेप) जड गेले पाहिजेत, तेवढं झालं तरच तो वाढतो. आणि दंडाखालची लोंबणारी चरबी दंडाचा व्यायाम करून किंवा पोटाची चरबी क्रंचेस (आडवं पडून खांदे उचलायचा पोटाचा व्यायाम) मारून तिथल्या तिथे वितळत नाही, शरीर चरबी कुठून काढायची ते स्वतःच्या हिशोबाने ठरवतं. पोटाला बांधायचे थरथरणारे पट्टे, घाम काढणारे पट्टे यांनी पाणी जातं, चरबी तिथेच राहते.

मग सैल पडतं ते का? तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात, साठीनंतर हा वेग आणखी वाढतो, आणि ताकद तर आकारापेक्षाही जास्त वेगाने जाते. गंमत म्हणजे वजनकाटा हे सांगतच नाही कारण जितका स्नायू गेला तितकी चरबी येऊन बसली की आकडा तोच राहतो, लोक खूश असतात की लग्नाच्या वेळचं वजन अजून तसंच आहे. हे वाढत वाढत म्हातारपणी आजाराच्या पातळीला जातं तेव्हा त्याला सार्कोपेनिया म्हणतात, १९८९ मधे अर्विन रोझेनबर्ग या अमेरिकन डॉक्टरांनी सुचवलेलं नाव आहे, ग्रीकमधे सार्क्स म्हणजे मांस आणि पेनिया म्हणजे उणीव. यातही जास्त मार बसतो तो झटकन काम करणाऱ्या स्नायूतंतूंना. पाय घसरला की दुसरा पाय पटकन टाकून सावरायचं काम त्यांचं, आणि म्हणूनच बाथरूममधे पडून खुब्याचं हाड मोडणं ही सत्तरीत दिसणारी गोष्ट असली तरी तिची सुरवात पंचेचाळिशीतच झालेली असते.

‘चाळिशीनंतर मेटाबॉलिझम (शरीराचा ऊर्जा वापरायचा वेग) स्लो होतो’ हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. २०२१ मधे एक मोठा अभ्यास आला, २९ देशांमधली ६,४०० पेक्षा जास्त माणसं, वय ८ दिवसांपासून ९५ वर्षांपर्यंत. त्यात दिसलं की शरीराचा आकार आणि स्नायू वगैरेचा भाग हिशोबात धरला तर २० ते ६० वयात ऊर्जेचा खर्च जवळजवळ तसाच राहतो. म्हणजे पोट सुटण्याचं खापर वयावर फोडता येत नाही, दिवसभराची खुर्ची, कमी झालेला स्नायू आणि ताटातलं न बदललेलं प्रमाण हीच कारणं शिल्लक राहतात. ही वाईट नाही, चांगली बातमी आहे, कारण यातली प्रत्येक गोष्ट आपल्या हातातली आहे.

आपल्या लोकांसाठी यात आणखी एक भानगड आहे आणि ती पुण्यातच नीट मांडली गेली. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन या दोघांचा फोटो २००४ मधे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. बारीक दिसणारा भारतीय आतून चरबीवाला असू शकतो, हे एका फोटोत कळतं. म्हणून आपल्याकडे बीएमआय २३ च्या पुढे गेला की जास्त वजन धरतात आणि कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटर, बायकांची ८० सेंटिमीटर यापुढे गेली की धोका मानतात. जेवणानंतर रक्तात आलेली साखर शोषून घेण्याचं बहुतांश काम स्नायू करतात, त्यामुळे ज्यांच्या घरात डायबेटीस आहे त्यांनी स्नायूकडे साखरेचं गोदाम म्हणूनच बघावं, गोदाम लहान झालं की माल बाहेर रस्त्यावर पडून राहतो.

बायकांच्या बाबतीत पाळी जाण्याचा काळ महत्त्वाचा. भारतात सरासरी ४६-४७ व्या वर्षी पाळी जाते, इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन कमी होतं, त्यानंतरच्या काही वर्षांत हाडं भराभर विरळ होतात आणि चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते. हाडाला मजबूत राहायला ओझं लागतं, नुसतं कॅल्शियम गिळून भागत नाही. वजन उचललं तर पुरुषासारखं अंग होईल ही भीती मी कितीतरी जणींकडून ऐकली आहे, तसं होत नाही, कारण त्यासाठी लागणारं टेस्टोस्टेरॉन हे हार्मोन बायकांमधे पुरुषांच्या मानाने फारच थोडं असतं. होतं काय तर ब्लाऊजची बाही नीट बसते आणि गॅसचा सिलिंडर सरकवायला कुणाला हाक मारावी लागत नाही.

महाराष्ट्रात यासाठी लागणारी सगळी सामग्री आधीपासून आहे. जोर, बैठका, सपाट्या, मुद्गल आणि करेला ही फिरवायची जड लाकडी साधनं, हे सगळं म्हणजे आजच्या भाषेत रेझिस्टन्स ट्रेनिंगच, म्हणजे स्नायूला ओझ्याविरुद्ध काम करायला लावणं. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) यांनी आधी बरीच वर्षं युजेन सँडो या प्रसिद्ध शरीरसौष्ठवपटूच्या पद्धतीचा व्यायाम केला, मग ते सूर्यनमस्कारांकडे वळले, स्वतः रोज घालायचे, घरच्यांनाही घालायला लावायचे आणि संस्थानातल्या शाळांमधे त्यांनी ते सुरू केले. आज रथसप्तमीला जे सामुदायिक नमस्कार होतात त्यामागे या प्रचाराचा मोठा हात आहे. नमस्कारात छाती, खांदे, पाठ, मांडीची मागची बाजू सगळं हलतं, दम लागतो, जागा सतरंजीएवढी पुरते. पण माझं स्पष्ट मत आहे की चाळिशीनंतर फक्त नमस्कार पुरे पडत नाहीत, कारण त्यात ढकलणं आहे पण ओढणं नाही, आणि पायांना पुरेसं ओझं नाही. त्याला बैठकांची आणि कशाला तरी ओढायच्या व्यायामाची जोड द्यावी, पाण्याने भरलेली बादली वाकून कमरेपर्यंत ओढली तरी चालते, पाठ मात्र सरळ हवी.

चालण्याबद्दलही हेच. चालणं हृदयासाठी उत्तमच आहे, कुणी बंद करू नये, पण सपाट रस्त्यावर गप्पा मारत चाललेल्या पाऊण तासात दंड आणि पाठ यांना कामच मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आहेच, पण त्यासोबत आठवड्यातून निदान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम असं वेगळं लिहिलेलं आहे, आणि लोक पहिला भाग पाळतात, दुसरा सोडून देतात. चढ असेल तर गोष्ट बदलते. पुण्यात पर्वतीच्या १०३ पायऱ्या रोज पहाटे चढणारी साठीतली माणसं बघावीत, पोटऱ्या दोरासारख्या असतात. सिंहगड पहिल्यांदाच चढून उतरलेल्या माणसाला विचारा दुसऱ्या दिवशी काय दुखतं, मांडीचा पुढचा भाग, आणि तो चढण्यामुळे कमी आणि उतरण्यामुळे जास्त दुखतो, कारण उतरताना स्नायू लांब होत होत ब्रेक मारत असतो आणि तो ताण त्याला सर्वात जास्त जाणवतो. म्हणून बैठक मारताना खाली जाणं सावकाश करावं, तीन मोजत, धपकन बसू नये.

सुरवात कशी करायची ते जरा सविस्तर लिहिते कारण इथेच माणसं अडतात. जोर जमिनीवर जमत नसतील तर ओट्यावर करावेत. कुकर लावला की ओट्यापासून दोन पावलं मागे उभं राहायचं, कडेला तळहात खांद्याएवढ्या अंतरावर, टाचेपासून डोक्यापर्यंत फळीसारखं सरळ, कोपरं अंगापासून फार लांब नकोत, छाती ओट्याजवळ न्यायची आणि श्वास सोडत मागे ढकलायचं. आठ वेळा. कंबर खाली झोळीसारखी पडली की तो रेप धरायचा नाही. ओटा ओला असेल तर आधी पुसून घ्यावा, हात सटकतो. महिन्याभरात पंधरा आरामात व्हायला लागले की ओट्यावरून पलंगाच्या कडेवर उतरायचं, तिथून पाटावर, तिथून जमिनीवर. तसंच बैठकांचं, आधी खुर्चीवर बसून हात न टेकवता उठायचं, मग खुर्चीला फक्त टेकून उठायचं, मग खुर्ची काढायची, मग हातात पाच लिटरचा कॅन. सगळं गुपित या थोड्या थोड्या वाढवण्यात आहे, तेच दहा रेप्स वर्षभर करत राहिलं तर पहिल्या दोन महिन्यांनंतर शरीर तिथेच थांबतं.

पहिले काही आठवडे ताकद वाढते पण आरशात काही दिसत नाही, कारण आधी मेंदू आणि नसा स्नायूला नीट कामाला लावायला शिकतात, आकार नंतर येतो, दोन-तीन महिने द्यावेच लागतात. बहुतेक जण नेमके दुसऱ्या महिन्यात सोडतात, फार वाईट वाटतं बघून. व्यायामानंतर एक ते तीन दिवस अंग ठणकणं नॉर्मल आहे, सांध्यात टोचल्यासारखं दुखणं नॉर्मल नाही.

आपण कुठे आहोत हे घरीच बघता येतं. खुर्चीतून हात छातीवर घेऊन पाच वेळा उठायचं बसायचं, आशियाई देशांसाठीच्या २०१९ च्या निकषांनुसार याला १२ सेकंद किंवा जास्त लागले तर स्नायू कमकुवत असल्याची शंका घेतात. हाताच्या मुठीची पकड यंत्रावर पुरुषांची २८ किलोच्या आणि बायकांची १८ किलोच्या खाली असेल तरीही तसंच. ब्राझीलचे डॉ. क्लाउडिओ आराउजो यांनी ५१ ते ८० वयाच्या २,००२ माणसांना जमिनीवर बसून परत उठायला लावलं होतं, हात किंवा गुडघा टेकला की गुण कापायचे, दहापैकी मार्क. २०१२ मधे छापलेल्या त्या अभ्यासात ज्यांना फारच कमी गुण होते त्यांचं पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण बरंच जास्त निघालं. पाटावर बसून जेवणाऱ्या पिढीची ही परीक्षा रोज दोनदा होत होती, डायनिंग टेबल आल्यावर ती बंद झाली, म्हणून निदान रात्रीचं जेवण तरी ज्यांना जमतं त्यांनी खाली मांडी घालून करावं.

आणि आता उशीर झाला असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी बॉस्टनचा १९९० चा प्रयोग. वृद्धांच्या एका संस्थेतली दहा माणसं, सरासरी वय ९०, त्यांना आठ आठवडे पायाने जड वजन उचलायला लावलं, पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत हे होतं तर पंचेचाळीस म्हणजे काय वय आहे!

खाण्यात प्रोटीन बघावं. आपल्याकडे शिफारस केलेला आकडा दर किलो वजनाला दिवसाला ०.८३ ग्रॅम आहे, म्हणजे साठ किलोच्या बाईला साधारण ५० ग्रॅम, व्यायाम करणाऱ्यांना आणि वय वाढेल तसं त्याहून थोडं जास्त लागतं. वरणभात आणि पोळीभाजीत हे भरत नाही कारण आपलं वरण पातळ असतं. घट्ट वरण किंवा पिठलं, मोडाची मटकी, दही, पनीर, अंडं (एकात साधारण ६ ग्रॅम), मासे, यातलं काहीतरी प्रत्येक जेवणात हवं. पोहे-उपम्याच्या नाश्त्यात ते जवळजवळ नसतंच, तिथे मूठभर शेंगदाणे किंवा एखादं अंडं तरी घालावं. किडनीचा त्रास असेल त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रोटीन वाढवू नये.

बीपी असलेल्यांनी वजन उचलताना श्वास रोखून धरायचा नाही, त्याने प्रेशर एकदम चढतं. छातीत दडपण, डाव्या हातात कळ, चक्कर असं काही झालं तर तिथेच थांबून तातडीने दाखवावं, गॅस असेल म्हणून घरी बसू नये. भराभर वजन घटल्यावर सुटलेली कातडी व्यायामाने पूर्ण ओढली जात नाही, खालचा स्नायू भरला की बरी दिसते, एवढंच. गावाला गेलं, लग्नसराई आली म्हणून दोन आठवडे बुडाले तर फारसं काही जात नाही, डेंग्यू-चिकनगुनियासारख्या तापानंतर मात्र अंगातली ताकद खरंच उतरलेली असते, तेव्हा जिथे सोडलं होतं त्याच्या निम्म्यावरून, परत ओट्यापासून सुरू करावं. एकदा कमावलेला स्नायू दुसऱ्या वेळी पहिल्यापेक्षा लवकर परत येतो.