विद्रावकरहित संश्लेषण, घन अम्ल उत्प्रेरकी

विक्रियाकारके द्रवात न विरघळवता घन अम्लासह खलून किंवा तापवून कार्बनी संयुगे तयार करण्याची पद्धत. अम्ल गाळून वेगळे होते व पुन्हा वापरता येते.

उगमाविषयी मतभेद आहेत. काही लेखक फॅराडे यांच्या १८२० मधील प्रयोगापर्यंत मागे जातात. परंतु त्यात सिल्व्हर क्लोराइड जस्ताबरोबर घोटले होते, म्हणजे विक्रिया अकार्बनी होती. व्होलर यांचे यूरिया संश्लेषण (१८२८) जलीय विद्राव आटवताना झाले, म्हणून तेही विद्रावकरहित म्हणता येत नाही. लिंग व बेकर यांनी १८९३ च्या सुमारास क्विनोनवर्गीय संयुगे खलात घोटून केलेले काम हा आरंभ मानणे अधिक सयुक्तिक दिसते. घन अम्लांची परंपरा वेगळी आहे. अम्लप्रक्रिया केलेली माती १९३० च्या दशकात खनिज तेलाच्या भंजनासाठी, म्हणजे मोठे रेणू तोडून लहान करण्यासाठी (ह्यूड्री प्रक्रिया), वापरात आली. हरित (कमी प्रदूषणकारी) रसायनशास्त्राची बारा तत्त्वे (१९९८) बरीच नंतरची. त्यांना आरंभबिंदू मानणे योग्य नव्हे.

विदर्भाच्या काळ्या कापूस-जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात त्या पाण्याने फुगणाऱ्या व वाळल्यावर आकसणाऱ्या स्मेक्टाइट गटातील मृद्खनिजांमुळे. प्रयोगशाळेत मिळणारा ‘के-१०’ हा उत्प्रेरक याच गटातील माँटमोरिलोनाइटवर अम्लप्रक्रिया करून बनवतात. तरीही वावरातली माती थेट चालत नाही : तिच्यातील चुनखडीमुळे अम्ल निष्प्रभ होते. आधी चुना काढून मग माती तीव्र अम्लात उकळावी लागते, आणि त्यातून निघणारे अम्लीय सांडपाणी ‘हरित’ हिशेबात क्वचितच धरले जाते.

ग्रामीण महाविद्यालयांना पद्धत सोयीची, कारण संघनकासाठी सतत वाहते पाणी लागत नाही. मे महिन्यात ही बाब मोठी. बिगिनेल्ली विक्रियेत (१८९१) बेंझाल्डिहाइड, एथिल अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट व यूरिया उत्प्रेरकासह खलतात आणि जलऊष्मकावर तापवतात. लगदा घट्ट होऊन ढवळणी अडू लागली की विक्रिया बहुधा पूर्णत्वाकडे आलेली असते. खात्री पातळ थर वर्णलेखनाने (मिश्रणातील घटक पातळ थरावर वेगळे करून पाहण्याच्या पद्धतीने) करतात. नंतर उत्पाद गरम एथेनॉलमध्ये विरघळवून उत्प्रेरक गाळतात. म्हणजे विद्रावक येतोच, फक्त उशिरा.

गाळलेला उत्प्रेरक धुऊन सु. ११०° से. ला वाळवतात. प्रत्येक फेरीला उतारा (मिळणाऱ्या उत्पादाचे प्रमाण) थोडा घटतो, कारण रंध्रे बुजतात. सिलिकेवर बसवलेल्या सल्फ्यूरिक अम्लाच्या बाबतीत मात्र अम्लच सुटून जाण्याची शक्यता असते. म्हणून विक्रिया अर्धवट असताना गरम मिश्रण गाळून पाहतात; गाळलेल्या द्रवात ती पुढे चालू राहिली, तर काम घन अम्लाचे नसून निसटलेल्या अम्लाचे असते. नुसत्या उताऱ्याच्या आकड्यांपेक्षा ही कसोटी अधिक विश्वसनीय होय.

धानाच्या तुसाच्या राखेतील सिलिका आधारद्रव्य म्हणून, तर पऱ्हाटीचा (कापसाच्या काड्यांचा) सल्फ्यूरिक अम्लाची प्रक्रिया केलेला, म्हणजे सल्फोनीकृत, कोळसा थेट घन अम्ल म्हणून वापरता येतो.