अंडर-१७, अंडर-२० भारतीय फुटबॉल टीम: पन्नास वर्षांची पार्श्वभूमी, सोलापुरातून बघताना

नोव्हेंबर २०२५ च्या शेवटी अहमदाबादला आपल्या अंडर-१७ पोरांनी इराणला २-१ नं हरवलं आणि सौदीतल्या २०२६ च्या आशियाई स्पर्धेचं तिकीट काढलं. त्याआधी लेबनॉनकडून मार खाल्लेला, त्यामुळं इराणविरुद्ध जिंकणं भागच होतं, त्यात पहिला गोल पण इराणनंच मारला, मग हाफ टाइमच्या तोंडावर पेनल्टीवर बरोबरी आणि ब्रेकनंतर दुसरा गोल, आणि पुढचा सगळा वेळ पोरांनी नुसता दम धरून काढला. आपल्या सोलापुरात ही बातमी किती जणांपर्यंत पोचली कुणास ठाऊक, पण फुटबॉलवाल्या ग्रुपांवर मात्र 'इतिहासात पहिल्यांदाच आशियाई स्पर्धेत' असले फॉरवर्ड फिरायलेत. ते काय खरं नाही. मागं बरंच काही घडून गेलंय, चांगलंही आणि डोक्याला हात लावायला लावणारंही, म्हणून हे जरा सविस्तर.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. सीनियर टीमचा इतिहास एका धाग्यात सांगता येतो, कारण सुनील छेत्रीसारखा माणूस वीस वर्षं तिथं असतो. युवा टीमचं तसं नाही. वयाची अट असते, ठराविक वर्षाच्या १ जानेवारीला किंवा त्यानंतर जन्मलेलीच पोरं चालतात, म्हणजे एक स्पर्धा संपली की बहुतेक सगळी टीम बाद आणि पुढची टीम शून्यापासून. म्हणून '२००२ ची टीम', '२०१७ ची टीम' असं बॅचनंच बोलावं लागतं, आणि एका बॅचनं काय केलं त्याचा पुढच्या बॅचला फायदा होईलच असं नाही. किंबहुना आपल्याकडं बऱ्याचदा झालाच नाही, माझ्या मते या सगळ्या रेकॉर्डची खरी गोम तिथंच आहे.

आता १९७४. बँकॉकला आशियाई युवा स्पर्धा होती. कॅप्टन शब्बीर अली, कोच अरुण घोष. हे घोष म्हणजे १९६२ च्या जकार्ता एशियन गेम्समध्ये गोल्ड जिंकलेल्या टीममधले डिफेंडर. फायनल इराणशी झाली, २-२ सुटली आणि दोन्ही टीमना संयुक्त विजेते जाहीर केलं. आता कुणी म्हणेल की संयुक्त म्हणजे अर्धंच की, पण समोर कोण होतं ते बघा. इराण १९७३ पासून १९७६ पर्यंत सलग चार वर्षं या स्पर्धेत विजेता किंवा संयुक्त विजेता राहिलाय. त्या काळातल्या इराणशी फायनलमध्ये बरोबरी म्हणजे चेष्टा नव्हती. एशियन चॅम्पियन असं लेबल लागलेली आपली एकमेव युवा टीम हीच, त्यानंतर पन्नास वर्षं उलटून गेली तरी ती ट्रॉफी परत आलेली नाही.

शब्बीर अली हैदराबादचे, म्हणजे आपल्यासाठी तसे शेजारचेच. पूर्व भागातल्या निम्म्या घरांचे पाहुणे तिकडं असतात, लग्नाचा बस्ता तिकडून येतो, पण हैदराबाद एकेकाळी भारतीय फुटबॉलची राजधानी होती हे आपल्याकडं फार कुणाला माहीत नाही. १९५१ आणि १९६२ ची दोन्ही एशियन गेम्स गोल्ड ज्यांच्या कोचिंगखाली आली ते सय्यद अब्दुल रहीम हैदराबादचेच. शब्बीर पुढं कोलकात्यात मोठे झाले, कोच म्हणून साळगावकरला राष्ट्रीय लीग जिंकून दिली, आणि २०११ मध्ये त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला, फुटबॉलपटूला मिळालेला तो पहिलाच.

पण त्या बॅचचं दुर्दैव असं की त्यांना पुढं जायला दारच नव्हतं. युवा वर्ल्ड कप सुरू झाला १९७७ ला ट्युनिशियात. म्हणजे आशिया जिंकून आलेली पोरं ज्या वयात जगासमोर खेळायची, त्या वयात तशी स्पर्धाच जगात अस्तित्वात नव्हती. आणि ती सुरू झाली तोवर ते पुढं निघून गेलेले, मागून येणाऱ्यांना ती उंची गाठता आली नाही. अंडर-२० वर्ल्ड कप आपण आजतागायत खेळलेलो नाही.

मधली वर्षं पटकन सांगतो कारण सांगण्यासारखं थोडंच आहे. १९८५ ला चीनमध्ये फिफानं १६ वर्षांखालच्यांचा वर्ल्ड कप सुरू केला, १९९१ पासून तो अंडर-१७ झाला. आपण आशियाई स्पर्धेत कधी पोचायचो, कधी नाही. २००२ ला अमिरातीतल्या आशियाई स्पर्धेत आपली पोरं क्वार्टर फायनलला गेली आणि दक्षिण कोरियाकडून ३-१ नं हरली. हा कोरिया लक्षात ठेवा, परत येणार आहे. २००६ ला तर युवा आशियाई स्पर्धा आपल्याच घरात, कोलकाता आणि बेंगळुरूला झाली, पण यजमान ग्रुपमधूनच बाहेर.

२०१० ला फेडरेशननं एक शहाणपणा केला. युवा पोरांची एक टीम करून ती थेट आय-लीगमध्ये (तेव्हाची देशातली मुख्य लीग) उतरवली, म्हणजे वर्षभर मोठ्यांच्या विरुद्ध मॅच खेळायला मिळतील. नंतर तिला इंडियन ॲरोज म्हणायला लागले. २०१३ ला ती बंद, २०१७ ला परत चालू, २०२२ ला परत बंद. आपल्या रस्त्याचं काम बरं म्हणायची वेळ.

आता २०१७, ज्यामुळं आपल्यातल्या बहुतेकांना अंडर-१७ नावाचं काही असतं हे कळलं. अंडर-१७ वर्ल्ड कप भारतात, यजमान म्हणून थेट एंट्री. तयारी काही वर्षं चाललेली, गोव्यात कॅम्प, परदेश दौरे, जर्मन कोच निकोलाई ॲडम. मग वर्ल्ड कपच्याच वर्षाच्या सुरुवातीला ॲडम गेले आणि पोर्तुगालचे लुईस नॉर्टन डी मॅटोस आले. स्पर्धेला काही महिने असताना कोच बदलणं म्हणजे बोर्डाच्या परीक्षेआधी शाळा बदलणं. त्यात त्या मे महिन्यात एक गंमत झाली, भारतानं इटलीच्या अंडर-१७ टीमला २-० नं हरवलं अशी बातमी देशभर झळकली, अभिनंदनाचा पाऊस पडला, आणि नंतर इटलीकडून खुलासा आला की ती आमची नॅशनल टीम नव्हतीच, खालच्या लीगमधल्या पोरांची निवड टीम होती. पोरं मॅच जिंकली होती हे खरं, पण बातमीनं त्यांचा उगीच पोपट केला.

दिल्लीत तीन मॅच. ६ ऑक्टोबरला अमेरिका ०-३. ९ तारखेला कोलंबिया, आणि ही मॅच ज्यांनी बघितली ते विसरणार नाहीत. ०-१ नं मागं असताना ८२ व्या मिनिटाला संजीव स्टालिनचा कॉर्नर आणि जॅक्सन सिंगचा हेडर, फिफाच्या वर्ल्ड कपमधला भारताचा पहिला गोल. स्टेडियम डोक्यावर घेतलं लोकांनी. आणि पुढच्याच मिनिटाला, सेलिब्रेशनचा दम पण खाली बसला नव्हता, कोलंबियाच्या पेन्यालोसानं गोल मारून २-१ केलं. त्या एका मिनिटात सगळं कळतं बघा. गोल मारल्यावर पुढची दोन मिनिटं डोकं थंड ठेवायचं हे कॅम्पमध्ये फळ्यावर सांगून येत नाही, शे-दोनशे स्पर्धात्मक मॅच खेळल्यावर अंगात येतं. १२ तारखेला घाना ०-४ आणि विषय संपला. इंग्लंडनं कोलकात्यात फायनलला स्पेनला ५-२ नं धुतलं आणि स्पर्धेला एकूण १३ लाखांच्या वर प्रेक्षक आले, अंडर-१७ वर्ल्ड कपचा तो रेकॉर्ड झाला.

त्या २१ जणांत ८ पोरं मणिपूरची, कॅप्टन अमरजित सिंग पण तिथलाच. २०२४ च्या जानेवारीत आपल्या पार्क स्टेडियमवर महाराष्ट्र विरुद्ध मणिपूर रणजी मॅच झाली, मणिपूरची दाणादाण उडाली आणि लोक बाहेर पडताना हसत होते, तेव्हा मनात आलं की हीच मॅच फुटबॉलची असती तर कोण हसलं असतं.

आपल्या भागातला त्या टीममध्ये होता कोल्हापूरचा अनिकेत जाधव. कोल्हापूरचं वेगळंच आहे, तिथं पेठेपेठेचा तालीम मंडळाचा फुटबॉल, पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शाहू स्टेडियमवर लीगला अख्खं गाव. तिथं पोराला लहानपणापासून मॅच बघायला मिळते, मॅचमध्ये शिव्या पण खायला मिळतात, दोन्हीचा उपयोग होतो. वर्ल्ड कपनंतर बहुतेक बॅच ॲरोजमधून आय-लीगला उतरली आणि पहिल्याच मॅचमध्ये चेन्नई सिटीला ३-० हरवलं, त्यात दोन गोल अनिकेतचे. पुढं हैदराबाद एफसीनं २०२१-२२ ची आयएसएल (इंडियन सुपर लीग) जिंकली तेव्हा तो त्या टीममध्ये होता. जॅक्सन, सुरेश वांगजाम, अन्वर अली हे सीनियर टीमपर्यंत गेले. म्हणजे तीन मॅच, तीन पराभव, एक गोल असा रेकॉर्ड असलेली बॅच फुकट गेली असं म्हणणाऱ्यांनी ही यादी बघावी.

खरी हळहळ मला २०१८ ची वाटते. त्या ऑगस्टमध्ये स्पेनमधल्या कोटिफ स्पर्धेत आपल्या अंडर-२० नं अर्जेंटिनाला २-१ नं हरवलं. दीपक टांग्रीचा चौथ्या मिनिटाला गोल, दुसऱ्या हाफला अनिकेतला रेड कार्ड, आणि दहा जण राहिल्यावर अन्वर अलीची फ्री किक थेट जाळ्यात. समोरच्या टीमचा कोच लिओनेल स्कालोनी, ज्यानं चार वर्षांनी मेस्सीच्या हातात वर्ल्ड कप दिला. हे कुणाला सांगितलं तर फेकतोय म्हणतात.

आणि त्याच वर्षी मलेशियात अंडर-१६ आशियाई. कोच बिबियानो फर्नांडिस, कॅप्टन विक्रम प्रताप सिंग. व्हिएतनामला १-०, इराणशी ०-०, ज्यात गोलकीपर नीरज कुमारनं पेनल्टी अडवली, इंडोनेशियाशी पण ०-०, थेट क्वार्टर फायनल. जिंकलं असतं तर यजमान वगैरे काही न होता, स्वतःच्या पायावर अंडर-१७ वर्ल्ड कप. समोर परत दक्षिण कोरिया, आणि ०-१. ग्रुपच्या तीन मॅचमध्ये एकही गोल न खाल्लेली टीम एका गोलनं गेली. १६ वर्षांत दोनदा एकाच दारात जाऊन परत आलोय आपण.

सॅफ, म्हणजे दक्षिण आशियातल्या देशांच्या स्पर्धांचं मी थोडक्यात आटोपतो, कारण तिथं आपण जिंकतोच बहुतेक. २०१९ ला कल्याणीत अंडर-१५ फायनलला नेपाळला ७-०, २०२२ ला भुवनेश्वरला अंडर-२० फायनलला बांगलादेशला ५-२, त्याच वर्षी कोलंबोत अंडर-१७ चं टायटल, नंतरही चालूच. ट्रॉफी घेऊन फोटो छान येतात, पण दक्षिण आशियात राजा असणं आणि आशियात टिकणं यात केवढा फरक आहे ते २०२३ च्या अंडर-१७ आशियाई स्पर्धेत जपाननं दाखवलं. ४-८. गंमत म्हणजे जपानला चार गोल मारणं ही साधी गोष्ट नाही, आठ खाणं मात्र जमलं आपल्याला.

पोरींचंही सांगायला हवं. २०२२ चा अंडर-१७ महिला वर्ल्ड कप भारतात, मॅच भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबईत. स्पर्धेला दोन महिने असताना फिफानं आपल्या फेडरेशनवरच बंदी घातली, ती उठेपर्यंत स्पर्धा होते का नाही तेच ठरेना. मग अमेरिका ०-८, मोरोक्को ०-३, ब्राझील ०-५. त्यांच्यावर हसण्याआधी आपल्या शहरात मुलींची अकरा जणींची टीम रोज सरावाला कुठं येते ते सांगावं.

आता आपल्याकडं या. सोलापुरातल्या पोराला वर जायचा नेहमीचा रस्ता म्हणजे शालेय स्पर्धा आणि सुब्रतो कप. शाळेची टीम आधी शहरात किंवा जिल्ह्यात खेळणार, मग पुणे विभाग, मग राज्य, मग दिल्ली. दिल्लीपर्यंत सगळं नॉकआऊट. पावसाळ्यात चिखलात एक मॅच, पेनल्टीवर हरलात की शाळेचा सीझन तिथंच संपला, एकदम पुढच्या जुलैतच बूट घालायचे. थंडीत हवा मस्त असते तेव्हा होम मैदानावर गड्ड्याची जत्रा, आणि मार्चनंतर ऊन असं की संध्याकाळी सहाशिवाय मैदानात पाय ठेवायला नको. कोरियाचं पोरगं वर्षभर लीग खेळतं आणि आपलं पोरगं शाळेकडून वर्षाला दोन मॅच, मग ८३ व्या मिनिटाला काय होणार ते दिसतंय. सप्टेंबर २०१७ ला वर्ल्ड कपच्या निमित्तानं सरकारनं राज्यभर एका दिवसात दहा लाख पोरांना फुटबॉल खेळवायचा कार्यक्रम केला, शाळांना फुटबॉल वाटले, मस्त झालं ते, पण त्या शाळांची आपसात एक साधी लीग लावली असती तर जास्त उपयोग झाला असता असं माझं मत.

बाकी ज्यांची पोरं खेळतात त्यांच्यासाठी कामाचं. अंडर-१७ वर्ल्ड कप २०२५ पासून दरवर्षी होतो, ४८ टीम असतात, आणि आशियाला आठ जागा, म्हणजे १६ टीमच्या आशियाई स्पर्धेत क्वार्टर फायनल गाठली की झालं. २००२ किंवा २०१८ ला हा नियम असता तर आपण दोन्ही वेळा गेलो असतो. २०२६ साठी जन्म १ जानेवारी २००९ किंवा नंतरचा लागतो, २०२७ साठी २०१० चा, असं एकेक वर्ष पुढं. आणि शाळेच्या दाखल्यावर तारीख मागं-पुढं करून काही होत नाही, वरच्या लेव्हलला मनगटाच्या हाडाची टेस्ट असते, त्यात वयाचा अंदाज येतो.