पासवर्ड फुटतो कुठे?

एमएच १०, मग दोन अक्षरं, मग चार आकडे. गाडीचा नंबर पासवर्ड म्हणून सोयीचा वाटतो. अक्षरं आहेत, आकडे आहेत, लक्षात राहतो आणि आठ अक्षरांची अटही पूर्ण होते. आता हिशोब करू. अक्षरांच्या जोड्या ६७६, पुढचे आकडे १० हजार. म्हणजे सांगली पासिंगचे जास्तीत जास्त ६७ लाख ६० हजार नंबर. साताऱ्याचा एमएच ११ आणि कराडचा एमएच ५० धरला तरी आकडा दोन कोटींच्या थोडा वर जातो. आरटीएक्स ४०९० हे गेमिंगसाठी विकलं जाणारं ग्राफिक्स कार्ड एमडी५ या पासवर्ड झाकून ठेवण्याच्या जुन्या पद्धतीत सेकंदाला सुमारे १६,४०० कोटी अंदाज तपासतं. तिन्ही आरटीओंच्या सगळ्या गाड्या सेकंदाच्या हजाराव्या भागातही संपतात.

पण बँकेची साइट तर चार-पाच चुकांनंतर खातं लॉक करते, मग एवढे अंदाज करायचे कुठे? चोराच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर. त्याने साइटचा सगळा डेटाबेस आधीच उचललेला असतो. तिथे लॉक करणारं कुणी नसतं.

बरी साइट पासवर्ड जसाच्या तसा ठेवत नाही, त्याचा हॅश, म्हणजे हिशोबाने काढलेलं, उलटं न फिरवता येणारं रूप ठेवते. हळकुंडाची पूड होते, पुडीचं हळकुंड होत नाही, हॅशचंही तसंच. चोराला मात्र उलटं फिरायचंच नसतं. तो एकेक अंदाज त्याच चक्कीत दळतो आणि पूड जुळते का ते पाहतो.

२००९ मध्ये रॉकयू या कंपनीचे ३.२ कोटी पासवर्ड चोरीला गेले, तेव्हा हॅशसुद्धा नव्हता, सगळं उघडंच. त्यात सुमारे २ लाख ९० हजार जणांचा पासवर्ड १२३४५६ होता. २०१२ मध्ये लिंक्डइनकडे हॅश होता, सॉल्ट नव्हता. सॉल्ट म्हणजे प्रत्येक खात्यासाठी वेगळी, यादृच्छिक अक्षरं पासवर्डला जोडून मगच हॅश काढणं. ते नसेल तर सारख्या पासवर्डचे हॅशही सारखेच येतात आणि एक अंदाज एकाच वेळी सगळ्या खात्यांवर चालतो. आधी ६५ लाख हॅश फुटल्याचं कळलं होतं. २०१६ मध्ये ११.७ कोटी ईमेल-पासवर्ड विक्रीला आले.

सॉल्टच्या जोडीला लागतो मुद्दाम मंद केलेला हॅश. बीक्रिप्ट या अशा हॅशमध्ये ‘कॉस्ट’ एकाने वाढवला की काम दुप्पट होतं. कॉस्ट १० ठेवला तर वरचंच कार्ड सेकंदाला जेमतेम पावणेसहा हजार अंदाजांवर येतं. आठ यादृच्छिक छोटी इंग्रजी अक्षरं एमडी५मध्ये दीड सेकंदाच्या आत जातात. इथे सगळे अंदाज संपायला वर्षाहून जास्त लागतं. सांगली पासिंगचा गाडीचा नंबर मात्र इथेही वीस मिनिटांत सापडतो. वाईट पासवर्डला चांगली साइट वाचवू शकत नाही.

तुमची पतसंस्था किंवा मुलांचा क्लास यातलं काय वापरतो, हे बाहेरून दिसत नाही. एक खूण मात्र आहे. ‘पासवर्ड विसरलो’ दाबल्यावर जुना पासवर्डच ईमेलवर आला, तर तिथे हॅश नाही. अशा साइटवरचा पासवर्ड दुसरीकडे कुठेही नको.

खरं भगदाड तिथेच असतं. फुटलेली यादी चोर दुसऱ्या साइटवर चालवून पाहतात. ड्रॉपबॉक्सने २०१२ मध्ये सांगितलं, की चोरीच्या पासवर्डने त्यांच्याच एका कर्मचाऱ्याचं खातं उघडलं गेलं आणि त्यात ग्राहकांचे ईमेल पत्ते होते. म्हणून प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड हवा. डोक्यात ते मावत नाहीत. बिटवॉर्डन किंवा कीपाससारखा पासवर्ड मॅनेजर घ्या. त्याच्या एका मुख्य पासवर्डसाठी ७,७७६ शब्दांच्या यादीतून फासे टाकून सहा शब्द निवडा. एमडी५च्या वेगानेही सगळे अंदाज संपायला चाळीस हजारांहून जास्त वर्षं लागतील. अभंगाची ओळ नको. ती तुम्हाला पाठ आहे तशी चोराच्या यादीतही असू शकते. घरातल्या कपाटातली वही? सगळीकडे एकच पासवर्ड ठेवण्यापेक्षा कधीही बरी.

जून २०२५ मध्ये १,६०० कोटी नोंदींची बातमी गाजली. ती एका कंपनीतली नवी चोरी नव्हती. बराचसा माल इन्फोस्टीलरने, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये शिरून पासवर्ड चोरणाऱ्या प्रोग्रॅमने, गोळा केलेला होता आणि बऱ्याच नोंदी पुन्हा पुन्हा आलेल्या. मार्केट यार्डातल्या अडत दुकानाचा कॉम्प्युटर डोळ्यांसमोर आणा. जीएसटी, ई-वे बिल, बँक, सगळ्यांचे पासवर्ड ब्राउझरमध्ये सेव्ह. कुणीतरी क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकतं. त्यातला इन्फोस्टीलर लॉगिन केलेल्या माणसाच्याच अधिकाराने चालतो, म्हणून ब्राउझरची तिजोरी त्याच्यापुढे फारशी टिकत नाही. पासवर्डबरोबर तो सेशन कुकीही नेतो. कुकी म्हणजे ‘हा आत आलेला आहे’ याची पावती. ती चालू असेपर्यंत बऱ्याच साइट चोराला पासवर्ड विचारत नाहीत, ओटीपीही नाही.

असं झालं तर क्रम महत्त्वाचा. दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून आधी ईमेलचा पासवर्ड बदला, कारण बाकीच्या खात्यांचे पासवर्ड रीसेट तिथेच येतात. ‘सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट’ करा, मग बँक, मग उरलेली खाती. बाधित कॉम्प्युटर फॉरमॅट होईपर्यंत त्यावर नवा पासवर्ड टाईप केला तर तोही जातो. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० वर फोन करा.

ओटीपीने बरीच चोरी अडते, सगळी नाही: खोटं पान तुमचा ओटीपी त्याच क्षणी खऱ्या साइटवर वापरतं. पासकीपुढे, म्हणजे पासवर्डऐवजी फोनमधल्या गुप्त किल्लीने लॉगिन करण्यापुढे, हे चालत नाही. तिची गुप्त किल्ली साइटकडे जातच नाही, फोन त्या किल्लीने फक्त सही करून देतो, आणि साइटचा पत्ता एका अक्षराने वेगळा असला तरी तीही करत नाही. सर्व्हर फुटला तर चोराला मिळते फक्त सार्वजनिक किल्ली, जिने सही तपासता येते, करता येत नाही. अर्थात फोन हरवल्यावर तीच साइट एसएमएसवरून खातं परत देत असेल, तर चोरही पासकीच्या वाटेला न जाता सिमच्या मागे लागतो.